फुलावर आलेला ताग

आषाढाच्या अखेरीला सांगलीजवळचं माधवनगर मागे टाकून बुधगाव-कवलापूरच्या अंगाला निघालं की यंत्रमागांचा खडखडाट बराच वेळ सोबत येतो. मग तो विरतो, आणि दोन्ही बाजूंना उसाचे फड, सोयाबीनची बुटकी हिरवाई आणि मध्ये मध्ये भाजीपाल्याची चिंचोळी रानं लागतात. त्यांतल्याच एखाद्या रानात ताग उभा असतो. छातीला लागेल एवढा उंच, आणि इतका दाट की वरून पाहिलं तर माती दिसत नाही. शेंड्यांवर पिवळी फुलं नुकती उघडायला लागलेली, त्यांवर मोठे काळे भुंगे घोंगावत असलेले. वाऱ्याची झुळूक आली की सगळं रान एकदम कलतं आणि एकदम सावरतं. भाजीच्या रानाचं वर्षभरातलं सगळ्यात देखणं रूप हेच. आणि नेमक्या याच दिवसांत त्यात ट्रॅक्टर घालायचा असतो.

आमच्या रानात ताग गाडायचा दिवस ठरला की माझी आज्जी त्या दिवशी रानात यायची नाही. फुलावर आलेलं पीक मोडायचं हे तिला सोसत नसे. पण ताग पेरूच नका असं ती कधी म्हणाली नाही. उलट मृग लागायच्या आधी बियाण्याची आठवण तीच करून द्यायची. बी पेरताना ती सगळ्यांत पुढे, आणि गाडताना घरात. मला वाटतं, हिरवळीच्या खताचं सगळं मर्म तिच्या त्या दोन वागण्यांत होतं. हे खत म्हणजे पोत्यातून ओतायची वस्तू नव्हे. आधी एक जिवंत पीक जिवाभावानं वाढवायचं, आणि ते पुरतं वाढायच्या आत सोडून द्यायचं.

आमच्याकडे शेतीच्या बोलण्यात बेवडाला, म्हणजे आधीच्या पिकानं पुढच्यासाठी रानात ठेवलेल्या गुणाला, फार मान. हळदीला कशाचा बेवड, उसाच्या खोडव्यानंतर काय, हरभऱ्यावर कोणती भाजी चांगली येते, यावर बांधावर बसून माणसं तासन् तास बोलतात. शेंगवर्गी पिकाचा बेवड चांगला, हे कुणाला शिकवावं लागत नाही. भुईमुगानंतरचं पीक काळोखं येतं, असं म्हणतात. पानांच्या गर्द हिरवेपणाला आमच्याकडे हाच शब्द आहे. हे ज्ञान पिढ्यान् पिढ्या होतं. त्याचं कारण मात्र फार उशिरा कळलं. 1886 साली जर्मनीतल्या हेलरीगेल या संशोधकानं दाखवून दिलं, की शेंगवर्गी झाडं हवेतला नत्र वापरतात आणि त्याचा संबंध त्यांच्या मुळांवरच्या गाठींशी आहे. त्यानंतर दोनच वर्षांनी हॉलंडच्या बायरिंक यांनी त्या गाठींतला जिवाणू वेगळा काढला. त्याआधी या गाठी रोगाच्या असाव्यात, असंही लोकांना वाटत असे.

हवेतल्या नत्राचा विचार केला की मला नेहमी एक हिशेब आठवतो. आपल्या एक गुंठा रानावर जी हवा उभी आहे, तिचं वजन मांडलं तर त्यात सातशे टनांहून अधिक नत्र भरतो. आणि त्या गुंठ्यातल्या वांग्यांना पूर्ण हंगामात द्यायची शिफारस आहे साधारण दीड किलोची. सातशे टन डोक्यावर, आणि दीड किलोसाठी आपण युरियाच्या रांगेत. वांग्याची यात काही चूक नाही. हवेतल्या नत्राचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधानं धरून असतात, आणि तो बंध सोडवणं वांग्याला, गाजराला, टोमॅटोला जमत नाही. माणसाला ते जमलं 1909 साली. जर्मनीच्या फ्रिट्झ हाबर यांनी प्रचंड दाब आणि कित्येकशे अंश उष्णता वापरून हवेतल्या नत्राचा अमोनिया करून दाखवला, आणि 1913 मध्ये त्याचा कारखाना सुरू झाला. आज दुकानातलं युरियाचं प्रत्येक पोतं त्या वाटेनं आलेलं असतं.

तागाच्या मुळावरचा जिवाणू तेच काम आमच्या मातीच्या साध्या उबेत करतो. पेरून महिना झाला, की एखादं रोप अलगद, मातीच्या ढेकळासकट उपटावं. झटक्यानं ओढलं तर गाठी मातीतच तुटून राहतात, म्हणून खुरप्यानं बाजूनं उकरून घ्यावं. पाण्यात हलकेच धुतलं की मुळांवर मोहरीएवढ्या, कुठे ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतात. त्यांतली एक नखानं फोडायची. आतून गुलाबी-लालसर निघाली तर काम सुरू आहे. पांढरी असेल तर अजून सुरू झालेलं नाही किंवा व्हायचंच नाही. हिरवट-तपकिरी असेल तर संपलेलं आहे. हा लाल रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्ताला लाल करणाऱ्या द्रव्याच्या भावकीतला. नत्राचा बंध तोडणारं विकर प्राणवायूच्या नुसत्या संपर्कानं निकामी होतं, आणि जिवाणूला श्वासासाठी तर प्राणवायू हवाच. हे लाल द्रव्य तो प्राणवायू धरून ठेवतं आणि लागेल तसा, मोजका सोडतं. तागाच्या मुळाशी रक्ताच्या रंगाचं काही असावं, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी त्या रात्री आज्जीला ते सांगितलं होतं. तिला जराही नवल वाटलं नाही. ताग गाडायच्या दिवशी आपण घरात का बसतो, याचंच उत्तर मिळाल्यासारखी ती गप्प राहिली.

जिवाणू हे फुकट करत नाही. ताग त्याला साखर पुरवतो, पानांत उन्हावर तयार झालेली. नत्र आयता मिळत असेल तर ताग हा सौदा करतच नाही. आमच्या रानाची एक कड उसाला लागून आहे. उसाला दिलेल्या खताचं पाणी पावसात त्या कडेला झिरपतं. तिथला ताग बाकीच्यापेक्षा आधी उंच होतो, गर्द दिसतो, आणि उपटून पाहिला तर मुळं जवळजवळ कोरी. आत मध्यावरचा ताग सुरुवातीला फिकट, रुसल्यासारखा, पण गाठींनी लगडलेला. वरवर पाहणाऱ्याला कडेचा ताग चांगला वाटतो. हवेतून कमाई करणारा मात्र मधला असतो. म्हणून तागाला युरिया घालू नये. मातीत स्फुरद कमी असेल तर तेवढा द्यावा, कारण गाठींना त्याची भूक मोठी.

एक गोष्ट आमच्या भागाच्या बाजूनं आहे. तागाला लागणारा जिवाणू चवळी, मटकी, भुईमूग यांच्याच गटातला आहे. ज्या रानात ही पिकं पूर्वी होऊन गेली, तिथे तो मातीत बहुधा असतोच. सोयाबीनचं तसं नाही, त्याचा जिवाणू वेगळा. म्हणून नव्या रानात सोयाबीन करताना जिवाणू संवर्धनाचं पाकीट विसरू नये, असं सांगतात. सोयाबीनबद्दल बोलायचं तर आमच्यापासून जवळच, कृष्णेच्या काठी कसबे डिग्रजला महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. फुले संगम, फुले किमया ही सोयाबीनची वाणं तिथलीच. या वाणांनी आमच्या शिवाराचा रंग बदलला, आणि मला त्याचं अप्रूप आहे. पण सोयाबीन केलं म्हणजे रानाला नत्राचा डोस मिळाला, असं जे सरसकट मानलं जातं, ते खरं नाही. सोयाबीननं हवेतून घेतलेला बहुतेक नत्र दाण्यात जातो, आणि दाणा पोत्यात बसून बाजारात जातो. पाला गळून पडतो, मुळं कुजतात, तेवढंच रानाला उरतं. कधीकधी तर हिशेब उलटाही होतो; दाण्यातून गेलेला नत्र हवेतून आलेल्यापेक्षा जास्त भरतो. भुईमुगाचा वेल जनावरांना घातला तर तिथेही तेच. शेंगवर्गी पीक रानाला तेव्हाच पोटभर देतं, जेव्हा आपण त्याच्याकडून काहीच काढून घेत नाही.

आणि भाजीचं रान तर सारखं काढून घेतलं जाणारं रान. ऊस वर्षातून एकदा जातो. भाजी रोज जाते. पहाटे तोडायची, भरायची, सांगलीच्या बाजारात पोचवायची. प्रत्येक पाटीबरोबर थोडा नत्र गावाबाहेर जातो आणि शहराच्या गटारातून पुढे कृष्णेत. महात्मा फुले यांनी 1883 मध्ये लिहून पुरं केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये या गळतीची एक बाजू फार आधी मांडली होती. डोंगरावरच्या पानाफुलांचा, मेलेल्या किड्यामुंग्यांचा कुजून झालेला कस पावसाच्या पुरासरशी ओढ्यांतून वाया जातो, तो शेतातच जिरावा म्हणून बांध घालावेत, असा त्यांचा आग्रह होता. माळ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाची नजर होती ती. मातीचा कस वाहून जाताना ज्यांना दिसतो, असे लोक थोडे असतात.

मेथीचंच पाहा. मेथी ही शेंगवर्गीच. पण तिची जुडी आपण मुळांसकट उपटून विकतो. स्वयंपाकघरात निवडताना ती मुळं कापून कचऱ्यात टाकतो. बारीक पाहिलं तर त्यांवर गाठी सापडतात. रानाची देणगी अशी जुडीत बांधून बाहेर जाते.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची भाजी करताना मला हे सगळं एका पातेल्यात दिसतं. घेवडा, पावटा, ओला हरभरा, मटार, भुईमुगाचे दाणे, ही सगळी नत्र आणणारी मंडळी. वांगं आणि गाजर, हे दोघे घेणारे. वरून तीळ, आणि शेजारी बाजरीची भाकरी. वांगं कृष्णाकाठचं असलं तर भाजीची चव न्यारीच लागते. पातळ सालीचं, काटेरी देठाचं, कमी बियांचं. आणि गाजर कवलापूरचं. आमच्या शेजारचं हे गाव गाजरासाठी जिल्ह्यात नावाजलेलं. भोगीच्या आधीच्या आठवड्यात तिथे धुतलेल्या गाजरांचे ढीग लागतात. ही भाजी ज्यांनी ठरवली त्यांना जिवाणू माहीत नव्हता. पण हंगामात रान काय काय देतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि देणारे-घेणारे त्यांनी एकत्र शिजवले. रानातही ते एकामागोमाग एक यावेत, एवढंच माझं मागणं आहे.

ताग गाडण्याची वेळ हीच सगळी कला. पेरणी मृगात किंवा वळवाच्या चांगल्या ओलीवर, एकरी वीस ते पंचवीस किलो बी. गाडणी पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी, म्हणजे पुष्याच्या आसपास. त्या दिवसांत पाल्यात नत्र भरलेला असतो, आणि खोड अजून नखानं दबतं. आणखी पंधरा दिवस थांबलं तर तागाचं मन बियांकडे वळतं आणि खोडात वाख धरू लागतो. पूर्वी बांधावरच्या तागाची एक ओळ मुद्दाम जून होऊ देत. तो कापून पाण्यात भिजवून, त्याचा वाख काढून दावी-कासरे वळत. ते काम निराळं आणि त्याची मजाही निराळी. पण असा जून ताग गाडला, तर मातीतले सूक्ष्म जीव ते चिवट खोड कुजवायला बसतात, आणि खोडात त्यांच्यापुरता नत्र नसल्यानं शेजारणीकडून उसनं पीठ आणावं तसा मातीतलाच उचलतात. ते पुढे परत करतात, पण तोवर वांग्याचा तरू पिवळा पडून बसलेला असतो.

कोवळ्या तागाचं उलट. तो इतक्या झपाट्यानं कुजतो, की जमीन रिकामी ठेवली आणि वर जोराचा पाऊस लागला तर सुटलेला नत्र खाली निघून जातो. म्हणून गाडल्यावर फार थांबायचंही नाही, लगेच लावायचंही नाही. दोन ते तीन आठवडे. या आठवड्यांत रानाला एक वास येतो, पहिल्या दिवसांत ओल्या चाऱ्याचा, मग आंबूस, आणि नंतर एका सकाळी नुसता मातीचा. मुठीत घेतलेल्या मातीत तागाचा तुकडा ओळखू येईनासा झाला, की वांग्याचा तरू लावायला रान तयार. ऑगस्टच्या मध्याला लावलेलं वांगं पहिले काही दिवस मुळंच धरत असतं, त्याला फारसं काही लागत नाही. पुढे फांद्या फुटतात, फुलं लागतात, तेव्हा त्याची भूक एकदम वाढते. आणि नेमका तोवर तागातला नत्र थोडा थोडा सुटत राहिलेला असतो. वांग्याच्या भुकेशी तागाच्या कुजण्याची ही गाठ पडली की झाड कसं निवांत वाढतं, ते डोळ्यांना कळतं. पानं काळोखी होतात, पण युरियाच्या हप्त्यानंतर जसा शेंडा लुसलुशीत होऊन मावा-तुडतुड्यांना आवतण देतो, तसं होत नाही.

गाजराचा मात्र स्वभाव वेगळा. ताज्या गाडलेल्या रानात गाजर पेरलं, तर मूळ सरळ खाली न जाता कुजणाऱ्या तुकड्यांशी फाटे फोडतं. दोन पायांचं, केसाळ गाजर कुणी घेत नाही. गाजराला भुसभुशीत, निवलेली जमीन हवी. म्हणून ज्यांना तागावर गाजर घ्यायचं आहे, त्यांनी ताग लवकर गाडून महिना-सव्वा महिना मध्ये ठेवावा. नाहीतर आधी वांगं किंवा कोबी घेऊन गाजर त्याच्या मागून घ्यावं. सगळ्या भाज्यांना एकच औषध लागू पडत नाही.

गाडण्याची रीत पूर्वी अशी होती, की बैलांनी आधी फळी ओढून ताग एका दिशेला आडवा करायचा, मग त्याच दिशेनं नांगर धरायचा, म्हणजे ताग नांगराला न गुंतता मातीखाली जातो. आता रोटाव्हेटर एका फेरीत तुकडे करून मिसळतो. काम सोपं झालं आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त मातीत ओल हवी. आमचा भाग पर्जन्यछायेतला; आषाढ भरून आला तरी श्रावणात पावसानं ओढ दिली, की गाडलेला ताग कोरडाच राहतो. अशा वेळी एक पाणी द्यावं, वाफसा येऊ द्यावा. कुजायलाही पाणी लागतं, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही, आणि मग ताग वाया गेला म्हणून ते पुन्हा त्याचं नाव घेत नाहीत.

नदीच्या बाजूला सरकलं की गोष्ट बदलते. उसाला वर्षानुवर्षं पाटानं पाणी देऊन, निचरा न ठेवून, कृष्णाकाठची कितीतरी काळीभोर रानं खारपड आणि चोपण झाली. पांढरी खपली धरलेल्या त्या जमिनी पाहिल्या की पोटात कालवतं. तिथे ताग उभा राहत नाही. तिथे धैंचा लागतो. धैंचा क्षार सोसतो, साचलेलं पाणी सोसतो, आणि त्याचं आणखी एक काम आहे. त्याची मुळं श्वास घेतात आणि तो गाडल्यावर कुजतो, तेव्हा मातीत कर्बवायू तयार होतो. पाण्याशी मिळून त्याचं सौम्य आम्ल बनतं. ते आम्ल आमच्या काळ्या मातीतल्या चुनखडीला हळूहळू विरघळवतं, त्यातून सुटा झालेला कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमची जागा घेतो, आणि सोडियम पाण्याबरोबर निघून जायला मोकळा होतो. जायला वाट मात्र हवी. कसबे डिग्रजच्या केंद्रात क्षारपड जमिनींवर काम चालतं, आणि त्या भागात जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकून निचरा करण्याचे प्रयत्न झाले आहेत. निचरा, जिप्सम आणि धैंचा ही तिन्ही एकत्र लागतात. नुसत्या धैंच्यावर भरवसा ठेवून रान सुधारेल, असं सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांचं नाव आमच्या भागात अजून आदरानं निघतं. गारगोटीला गणित शिकवणारे हे प्राध्यापक. त्यांच्या प्रयोग परिवारानं तासगावच्या द्राक्षबागायतदारांना निरीक्षण करायला, मोजायला, एकमेकांना कळवायला शिकवलं. ‘विपुलाच सृष्टी’ लिहिणाऱ्या या माणसाचा भर एकाच पिकाच्या हिरवळीवर नव्हता. धान्य, कडधान्य, तेलबिया अशी मिसळीची पेरणी करून, ती वेगवेगळ्या वयात कापून मातीला द्यावी, ही वाट त्यांच्या विचारातून पुढे गेली. कोवळ्या पाल्यातून एक मिळतं, फुलावरच्या पाल्यातून दुसरं, आणि जून काडीतून तिसरं. पहिलं पिकाला लगेच लागतं, शेवटचं मातीत वर्षानुवर्षं राहतं. मला हे पटतं. म्हणून आता आमच्या तागात थोडी चवळी आणि थोडी ज्वारी मिसळलेली असते. ज्वारीची काडी कुजायला वेळ घेते, आणि तागाचा सुटलेला नत्र थोपवून धरते.

आता पैशाचं बोलते, कारण त्याशिवाय हे बोलणं अर्धं राहील. एकराला आठ टन हिरवा ताग मिळाला, तर वाळून तो साधारण दीड टन होतो आणि त्यात तीसेक किलो नत्र असतो. त्यातलाही सगळा हवेतून आलेला नसतो, काही मातीतूनच उचललेला असतो. पंचेचाळीस किलोच्या युरियाच्या पोत्यात वीस किलोहून थोडा जास्त नत्र असतो, आणि अनुदानामुळे ते पोतं तीनशे रुपयांच्या आत मिळतं. म्हणजे तागातला नत्र युरियाच्या भावानं मोजला तर दीड पोत्याचा. तागाच्या बियाण्याला, नांगरटीला, रोटाव्हेटरला त्याच्या कितीतरी पट पैसे लागतात. हा हिशेब खरा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. जो शेतकरी तो मांडून युरियाकडे वळतो, त्याला अडाणी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

पण त्या हिशेबात मातीचं काहीच धरलेलं नाही. ताग गाडलेल्या रानात पहिल्या वर्षी वांग्याला नत्राचा थोडाच भाग मिळतो. उरलेला मातीत सेंद्रिय रूपात राहतो आणि पुढच्या पिकांना लागतो. ताग दाट उठल्यामुळे लव्हाळा आणि हराळी दबतात, भांगलणीच्या बायांचे रोज वाचतात. माती पाणी धरते, पाळी एक-दोन दिवस लांबवता येते. भांगलताना खुरपं सहज आत जातं, हे तर हातालाच कळतं. आणि युरिया पूर्ण सोडा, असं मी म्हणत नाही. हेक्टरी दीडशे किलोची भूक सत्तर-पंचाहत्तर किलोच्या तागावर भागत नाही. वांग्याला लागणाऱ्या नत्रातला काही हिस्साच ताग उचलतो. उरलेल्याला शेणखत, बांधावरच्या गिरीपुष्पाचा पाला, आणि गरजेपुरतं पोतं. एवढं झालं तरी रानाचं पुष्कळ झालं.

खरी अडचण पैशापेक्षा दिवसांची आहे, आणि त्याहून अधिक हक्काची. माधवनगरच्या, बुधगावच्या आसपास भाजी करणारे कितीतरी जण दुसऱ्याच्या रानात करतात. दहा-पंधरा गुंठे खंडानं घ्यायचे, मेथी-कोथिंबीर-वांगी करायची आणि सांगलीत विकायची. बाया यात जास्त. आणि हा खंड वर्षाचा, तोंडी. 1948 च्या कूळकायद्यानं आणि 1 एप्रिल 1957 च्या कृषकदिनानं कसणाऱ्याला जमीन दिली, ते न्यायाचंच झालं. पण त्याची एक सावली अजून रानावर आहे. कूळ लागेल या धास्तीनं मालक एकाच माणसाकडे एकच तुकडा दोन-तीन वर्षं ठेवत नाही. दरवर्षी रान बदलायचं असेल, तर पन्नास दिवस ताग कोण पेरणार? कसणारीचा घाम, तिचं बी, आणि पुढच्या वर्षीची काळोखी वांगी दुसऱ्याची. मातीला हवेतून कमाई करून द्यायला वेळ लागतो, आणि तो वेळ ज्याच्या हातात नाही, त्याला तागाचे फायदे सांगत बसणं मला निर्दयपणाचं वाटतं. हिरवळीच्या खतावर होणाऱ्या मेळाव्यांत बियाण्याचं प्रमाण सांगतात, गाडण्याचं वय सांगतात. खंडाचं कुणी बोलत नाही. तिथूनच सुरुवात व्हायला हवी.

आमच्या रानातला पूर्वेकडचा तुकडा एक आक्का कसतात. आज्जी गेल्यावर तो त्यांच्याकडे आला. यंदा उन्हाळ्यात मी त्यांच्याशी बसून बोलले. तुकडा तीन वर्षं तुमच्याकडेच राहील, दोन शेजाऱ्यांसमोर तसं सांगते. तागाचं बी माझं, गाडायचा खर्च माझा, आणि तागाच्या दोन महिन्यांचा खंड नको. आक्कांनी पदरानं घाम पुसला, तुकड्याकडे बराच वेळ पाहिलं, वांग्याचा तरू कुठे टाकायचा आणि कृष्णाकाठचं बी कुणाकडून आणायचं ते आधी विचारलं. मग म्हणाल्या, “बी मिरगाच्या आदी आणून ठिवा, ताई. मिरीग चुकला तर मी वाट बगायची न्हाई, मेथी टाकनार.”